रकान्यातला ताप

गिरणीचा साडेचारचा भोंगा विरत आला, की त्याच्या मागोमाग मैदानावरून एक आवाज उठायचा. भरीव, कोरडा, थेट छातीत उतरणारा. सुपडूच्या उजव्या पायाचा चेंडूला झालेला तो पहिला स्पर्श. मैदानावर आणखी दहा-बारा जण चेंडू मारत असत, पण हजेरीच्या खिडकीला पाठ करून बसलेला मी न वळता सांगू शकायचो, हा सुपडू. पौषातलं उतरतं ऊन, सरकीच्या तेलाचा जड, गोडसर वास आणि त्या पिवळ्या धुळीतून सावकाश चालत येणारी त्याची उंच, सडपातळ आकृती. चेंडू जमिनीवर ठेवण्याआधी तो त्यावरून तळहात फिरवायचा, गोठ्यातल्या बैलाला थोपटावं तसा. मग मात्र त्याच्या अंगात असं काही संचारायचं की तेलाच्या घाण्यावरची माणसं कामं टाकून भिंतीवर चढून बसत.

मी त्या तेलगिरणीचा हजेरी कारकून, आणि हौसेनं ओढवून घेतलेलं दुसरं काम म्हणजे फुटबॉल संघाचा सेक्रेटरी. जळगाव, भुसावळ, धुळे इथल्या सामन्यांना पोरांना एसटीत कोंबून न्यायचं, हरलो की मॅनेजरची बोलणी खायची आणि जिंकलो की मागे उभं राहायचं. सुपडू धरणगावकडचा. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर त्याला सुपात घालून ओढलं होतं, आणि तेच नाव त्याला चिकटलं. गिरणीत तो बदलीवर होता. कुणी गैरहजर असलं तरच त्याला काम, नाहीतर फाटकाशी उभं राहून परत जायचं. रेशनवर तांबडी ज्वारी मिळण्याची ती वर्षं. संघात कायमची निवड झाली तर नोकरीही कायम होणार होती, आणि मग गावाकडे एकटी राहणाऱ्या मायला तो चाळीतल्या खोलीत आणणार होता. एवढंच त्याचं मागणं.

पण वर्षातून पाच-सहा वेळा तो आवाज उठायचाच नाही. मी खोलीवर जायचो. कौलांच्या फटीतून एक कवडसा भिंतीवर सरकत असायचा, आणि भिंतीकडे तोंड करून सुपडू पडलेला असायचा. कपाळाला हात लावावा तर गार. डोळे उघडे, आणि अंथरुणावर ते दोन्ही तळहात उताणे, कुणीतरी विसरून गेल्यासारखे. शेजारणीनं ठेवलेली भाकरी तशीच वाळलेली. एकदा फार खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, "पाय उठतस, नाना. मी उठत नही."

चौथ्या-पाचव्या दिवशी तो नळावर भडाभडा अंघोळ करून मैदानात हजर! जणू मधले दिवस कॅलेंडरातच नव्हते. त्या दिवसांपैकीच एका दिवशी धुळ्याचा अंतिम सामना पडला होता. तो आला नाही आणि आम्ही दोन गोलांनी हरलो. परतीच्या एसटीत मी त्याच्यावर मनातल्या मनात इतका चिडलो होतो, की आता आठवलं तरी लाज वाटते.

हजेरीपुस्तकात गैरहजेरीच्या कारणाचा एक चिंचोळा रकाना असे. त्यात काय लिहायचं? ‘उदास’ लिहिलं असतं तर गिरणीभर हसू झालं असतं, आणि दुसऱ्या पाळीपर्यंत त्याचं ‘वेडा’ झालं असतं. मग त्या पोराला ना काम मिळालं असतं, ना कुणी मुलगी दिली असती. म्हणून मी लिहिलं, ताप. पुढच्या खेपेलाही ताप. मोठा शहाणा मी! तापाला कुणी हसत नाही, कुणी भीत नाही. एका अक्षरजोडीत मी त्याला झाकून ठेवलं, असं मला खुशाल वाटत राहिलं.

माघात निवडीची बैठक भरली. मॅनेजर, गिरणीचे डॉक्टर आणि कोपऱ्यातल्या स्टुलावर मी. खेळाबद्दल दुमत नव्हतंच. डॉक्टरांनी सकाळी तपासलं होतं. छाती, पोट, डोळे, सगळं उत्तम. मग मॅनेजरनं हजेरीपुस्तक मागवलं आणि माझंच वळणदार अक्षर माझ्यासमोर उघडलं. दोन वर्षं, अकरा वेळा ताप. डॉक्टर विचारात पडले. म्हणाले, जुना हिवताप दिसतो, आज नसला तरी उद्या उलटेल. असा माणूस कायम करून आपण काय मिळवणार? मॅनेजर वाईट माणूस नव्हता. त्यानं पुस्तक मिटलं नाही, माझ्याकडे वळून सरळ विचारलं, "नाना, तुम्ही त्याला रोज बघता. हा ताप खराच ना?"

बाहेर घाण्याची घरघर चालू होती. खरं सांगावं, तर सुपडूचं मन या टेबलावर उघडं पडणार, आणि टेबलावरून ते फाटकापर्यंत जायला किती वेळ लागतो, हे मला ठाऊक होतं. कदाचित हे दोघे समजूनही घेतील. कदाचित म्हणतील, पाच दिवस पडतो, बाकीचे दिवस तर देव खेळतो. पण समजून नाही घेतलं तर? आणि या दोन्हींच्या तळाशी आणखी एक भीती होती, ती कबूल करतो. अकरा खोट्या नोंदी माझ्या होत्या, आणि माझीही नोकरी होती.

मी म्हणालो, "खराच आहे, साहेब."

निवड दुसऱ्याची झाली. बरा खेळायचा तोही, रोज यायचा.

सुपडू निंबाखाली बुटांच्या तळाची माती काडीनं काढत बसला होता. मी सगळं सांगितलं, माझ्या उत्तरासकट. तो ऐकत राहिला, काडी तशीच चालत राहिली. मग वर न बघता म्हणाला, "माले त कधीच ताप नही व्हता, नाना." काडी बाजूला टाकली, आणि मला समजावं म्हणून गावची बोली सोडून हळूच म्हणाला, "जे दुखणं होतं, ते तरी माझ्या नावावर राहू द्यायचं होतं." आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

होळीपर्यंत तो फाटकाशी येत राहिला. मग आला नाही. गावी मायजवळ गेला एवढंच कळलं. धरणगाव इथून असं किती लांब, पण मी गेलो नाही. त्याच्या नावापुढचा रकाना त्या दिवशी पहिल्यांदाच मी कोरा सोडला.

आता मीही घरी बसलो आहे. तरी दिवस कलला, साडेचार झाले, की माझी पाठ आपोआप ताठ होते, कान त्या पहिल्या स्पर्शाची वाट पाहू लागतात. तेवढा वेळ मी माझ्याच घरात गैरहजर असतो, आणि त्याचं कारण मला अजून लिहिता येत नाही.