रिकामी दिसली म्हणून

आमच्या फोटो स्टुडिओत कॉम्प्युटर एकच, आणि त्यावर हक्क सांगणारे माझे भाऊ दोन. थोरल्याला विंडोज हवं, धाकट्याला लिनक्स. शेवटी धाकट्याने हार्ड डिस्कचे दोन भाग केले आणि कॉम्प्युटर चालवणाऱ्या या दोन्ही प्रणाली बसवल्या. कॉम्प्युटर चालू केला की काळ्या स्क्रीनवर दोन नावं येत. बाणाचं बटण दाबून हवं ते निवडायचं. थोडा वेळ कुणी काही निवडलं नाही, तर वरचं आपोआप सुरू व्हायचं. आणि वरचं नाव लिनक्सचं होतं.

थोरला कॉम्प्युटर चालू करून चहा आणायला जायचा. परत येईतो धाकट्याचं लिनक्स समोर हजर.

"मी थोरला आहे. माझं नाव वर पाहिजे," तो एकदा गरजला.

"चहा नंतर पी," धाकटा म्हणाला.

झालं! बोलणं बंद. दोघेही मिशीवाले, कर्तेसवरते, आणि निरोप सगळे माझ्यामार्फत. थोरला कॅमेरा घेऊन बाहेर पडला की धाकटा येऊन कॉम्प्युटरवर बसायचा आणि तो परतायच्या आत निघून जायचा.

त्यात शाळेच्या अल्बमचं काम आलं. सगळ्या वर्गांचे फोटो थोरल्याने काढले होते. मुलांचे चेहरे इतके नितळ कसे आले, याचं श्रेय तो आपल्या प्रकाशयोजनेला द्यायचा, आणि तेही येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून. सातवीची मुलं म्हणजे पुटकुळ्यांचं पीक. ते कुठली प्रकाशयोजना कापणार? कॅमेऱ्याच्या कार्डावरचे फोटो मी धाकट्याच्या भागात टाकायचे, तो एकेक चेहरा साफ करायचा आणि मी ते गुपचूप थोरल्याच्या भागात आणून ठेवायचे. भावाशी बोलणार नाही, पण त्याचा अल्बम खराब दिसू देणार नाही, असला धाकट्याचा खाक्या. "दादाला सांगू नकोस," एवढीच अट. मला दोघांचाही वीट आला होता.

अल्बम छपाईला जायच्या दिवशी मी स्टुडिओत आले, तर थोरला घामाघूम. स्क्रीनवर इंग्रजीत दोनच ओळी. वरच्या ओळीत, असा भाग सापडत नाही. खालच्या ओळीत, ग्रब रेस्क्यू. आणि पुढे लुकलुकणारी एक रेघ.

"अगं, हे वाचवा वाचवा म्हणतंय," थोरला म्हणाला. "संध्याकाळपर्यंत अल्बम गेला नाही तर शाळा समोरच्या स्टुडिओकडे जाईल. त्याला बोलाव."

"कुणाला?"

"त्यालाच गं!"

भावाचं नाव घेतलं असतं तर जीभ झडली असती जणू. मी फोन केला. धाकटा पेनड्राइव्ह घेऊन आला, खुर्चीत बसला, त्या दोन ओळी वाचल्या आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "ताई, दादाला विचार, काय केलं?"

"त्याला सांग, काही नाही. आपोआप झालं."

कॉम्प्युटरवर आपोआप झालेल्या गोष्टी मी इतक्या ऐकल्यात, की माणसं तिथे बसून नेमकं करतात तरी काय, असा प्रश्न पडतो. धाकट्याने आणखी दोनदा विचारलं. थोरल्याने एकदा विजेला दोष दिला, एकदा उंदराला.

धाकट्याने मान हलवली आणि खुर्ची थेट थोरल्याकडे वळवली. "ग्रब म्हणजे सुरुवातीला दोन नावं दाखवतो तो दारवान. तो राहतो माझ्या भागात. तो नाही, म्हणून तुझंही दार उघडत नाही. आता दोन वाटा आहेत. एक, विंडोजला थेट दार करून देतो. तुझं सगळं चालू होईल, माझ्या भागाची आशा सोडायची."

"तेच कर!" थोरला इतक्या घाईने म्हणाला की मला त्याची लाज वाटली. महिनाभरात त्याने भावाशी थेट बोललेले हे पहिले शब्द.

मग मात्र माझं डोकं फिरलं. "कर की. आणि सातवीची पानं कोरी पाठव. बाकीचे वर्ग आणून ठेवलेत, सातवीचे फोटो अजून त्याच्याच भागात आहेत. कार्ड मी पुसून तुझ्या कॅमेऱ्यात घातलंय. तुझी प्रकाशयोजना बसते ना इथे, रोज दोन दोन तास, पुटकुळ्या पुसत!"

थोरल्याने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा कीबोर्डवरची धूळ पुसायला लागला.

"दुसरी वाट कुठली?" थोरल्याने हळूच विचारलं.

"भाग कुणी नुसता काढून टाकला असेल, तर जसाच्या तसा परत आणता येईल. पण त्या जागेत नंतर काही भरलं असेल, तर मी हात लावला की आणखी वाटोळं होईल. म्हणून विचारतोय. काय केलं?"

मला थोरल्याचा राग येत होता आणि कीवही.

"मीच काढून टाकला," तो शेवटी म्हणाला. "विंडोजमध्ये त्या भागाला नाव दिसेना, आत काही दिसेना. रिकामी दिसली रे जागा. म्हणजे... तुझी आहे ते कळलं होतं मला. माझ्या भागात मिसळून घेणार होतो, पण आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. काही भरलेलं नाही. आईशप्पथ."

"काढून टाकलास ते माहीत होतं. पहिल्याच ओळीत लिहिलंय, असा भाग सापडत नाही."

"मग उंदरापर्यंत जाऊ कशाला दिलंस मला?"

"तू किती लांब जातोस ते बघत होतो," धाकटा म्हणाला.

दोघांच्याही एकेक ठेवून द्यावी असं मला वाटलं. धाकट्याने पेनड्राइव्हवरून कॉम्प्युटर चालू केला आणि डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत धुंडाळायला लावली. थोरला पाठीमागे उभा. चहाला गेला नाही. खूप वेळाने गेलेल्या भागाची खूण सापडली. धाकट्याने तो परत जागेवर लावला, पेनड्राइव्ह काढला आणि पुन्हा चालूचं बटण दाबलं.

काळ्या स्क्रीनवर दोन नावं आली. वर लिनक्स, खाली विंडोज. कोपऱ्यात सेकंद उतरायला लागले.

"तुझं घे आधी," धाकटा बाणाच्या बटणावरून हात काढत म्हणाला. "अल्बम आहे ना."

थोरल्याने बोट पुढे केलं, बटणापर्यंत नेलं आणि खिशात घातलं. सेकंद संपले. वरचं नाव सुरू झालं.

"आधी तुझी सातवी काढ," तो म्हणाला. "माझं नंतर बघू."