धडा सातवा

आमच्या गदगच्या एका शाळेत मी सातवा धडा आहे. जितेपणी धडा व्हायचं भाग्य फार जणांच्या वाट्याला येत नाही. नीतिपाठाचं पुस्तक शाळेनंच छापलंय, त्यात 'एका हाताची नीलव्वा' म्हणून मी फोटोसकट आहे. फोटोत मी डाव्या हातानं इरकली साडीवर कसुतीची नक्षी भरतेय. उजवा हात कोपरापर्यंतच उरलाय, तो पदराखाली झाकायला लावला होता.

धडा म्हणतो, दैवानं हात हिरावला, जिनिंग मिलच्या थोरल्या शेट्टरांनी लेकीसारखं औषधपाणी केलं, आणि नीलव्वा कुणाचीही मदत न घेता दातांत सुई धरून दोरा ओवते. शाळा शेट्टरांचीच. या धड्यापायी माझ्या लेकीला, दाक्षीला, तिथं फी माफ आहे.

दातांत सुई धरून मी पाहिली होती, नाही असं नाही. ओठ रक्ताळला आणि दोरा लाळेनं भिजला. त्यापेक्षा दाक्षी बरी. रोज शाळेत जाण्याआधी ती वीस सुया ओवून उशीला टोचून जाते. त्यावर माझा दिवस निघतो.

सहामाहीला प्रश्न आला, नीलव्वाच्या जीवनातून आपण काय शिकावे? पोरीनं लिहिलं, 'चालू यंत्रात अकरा वर्षांच्या मुलीला हात घालायला लावू नये.' रुळात अडकलेला कापूस काढताना यंत्र थांबवायचं नाही, असा शेट्टरांचा हुकूम होता, हे मीच तिला चुलीपाशी बसून सांगितलं होतं. उत्तराला शून्य मिळालं, आणि मला बोलावणं आलं.

हेडबाईंच्या खोलीत धाकटे शेट्टर बसले होते. मला खुर्ची दिली, चहा दिला. लेकराचा राग नाही म्हणाले, पण वर्गात भलतीच चर्चा सुरू झालीय, तेव्हा मीच मुलांना काय ते सांगावं. पुढल्या वर्षाच्या फीमाफीचा कागद टेबलावर होता, सहीवाचून. त्याबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. काढायची गरजही नव्हती.

वर्गात चाळीस पोरं उठून उभी राहिली. दाक्षी तिसऱ्या बाकावर होती. माझ्याकडे बघून हसली. आता अव्वा सांगेल, असं तिला वाटलं असणार.

"नीलव्वा, धडा खरा की दाक्षायणीचं उत्तर?" हेडबाईंनी विचारलं.

"धडा खरा आहे," मी म्हणाले. "पोरीनं मनानं लिहिलंय."

बाईंनी टाळ्या वाजवल्या म्हणून पोरांनी वाजवल्या. दाक्षीनंही वाजवल्या.

कागदावर सही झाली. घरी येताना मी तिला समजावत होते, शाळा सुटली तर तुझ्या हातातही सुईच येईल, शहाणपणानं वाग. ती मान डोलवत होती. तिच्यासाठी बोलले असं मी मनाला बजावलं, पण खरं सांगते, शेट्टरांसमोर मी अजूनही अकरा वर्षांचीच होते. लाज वाटली मला.

सकाळी उशी कोरी होती. सुया डबीतच. दाक्षी दप्तर भरत होती.

"सुया राहिल्या ना ग."

"तू कुणाची मदत घेत नाहीस, अव्वा," ती म्हणाली, तोंडी परीक्षेत उत्तर द्यावं तशी. "धडा खरा आहे."

चपला घालून ती गेली. साडी संध्याकाळी द्यायची होती. मी डबी उघडली आणि सुई दातांत धरली.