आधी खडे, मग गूळ

मले लोकांनी आयुष्यभर तोललंच. लग्नात माझ्यासाठी मांडलेला चौरंग मंडपवाल्यानं दोनदा हलवून पाहिला. सायकल रिक्षावाले मले लांबून पाहत अन् 'सवारी आहे' म्हणून रिकामी रिक्षा पुढे काढत. आमच्या कोष्टीपुऱ्यात नुसतं वच्छला म्हटलं तर कोणी ओळखत नसे. 'जाडी वच्छला' म्हटलं की पोट्टेसोट्टे थेट घर दाखवत.

एकशे अठरा किलो होती मी. गुडघे गेले, साखर लागली. विणायले हातमागाच्या खड्ड्यात उतरणं तर केव्हाचंच सुटलं होतं, बसून सुताच्या कांड्या भरतानाही धाप लागे. माझा भाऊ मुकुंद मुंबईच्या एका दवाखान्यात वॉर्डात कामाले होता. तिथं अमेरिकेहून शिकून आलेला एक डॉक्टर पोटाची पिशवी टाचून लहान करत होता, म्हणजे माणसाचं चार घासांतच पोट भरते. सन पंच्याऐंशीची गोष्ट. मुकुंदाची चिठ्ठी आली. घरात कोणी हो म्हणेना. मी म्हटलं, देह माझा, गुडघे माझे, मी चालली. अन् गेली.

माझी सासू तुळसाबाई, मी तिले आत्याबाई म्हणतो. तोंडाची फटकळ, मनाची भित्री. माझी गाडी सुटताच तिनं मोहल्ल्याच्या देवीले नवस बोलून टाकला, सून जिवंत परत आली तर तिच्या भारोभार गूळ वाहीन. गुळाची तुला! आता मले सांगा, जी बाई वजनापायी जीव मुठीत घेऊन टेबलावर झोपली, तिलेच घरी आणून काट्यावर बसवायचं. पण मले विचारते कोण?

मी परत आली ते एकशे दहा किलो. आत्याबाईनं माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं अन् म्हणे, "टाके सुकू दे वं." टाके सुकले. मग म्हणे, "थोडी अजून उतर, मंग पाहू." मी दर महिन्याले उतरून राहिली अन् बाईचा गूळ वाचून राहिला. आमचे हे, ताराचंद, खापरखेड्याच्या पॉवर हाउसात फिटर. ते हसत, "माय, अजून सहा महिने थांब, मंग अर्धी भेली पुरते." मीही हसत होती. सात महिन्यांत एकाहत्तर किलोवर आली. रिक्षावाले थांबून विचारू लागले, ताई, कुठं जायचं? मोहल्ल्यातल्या बायकांच्या पोटात दुखू लागलं.

मग माझ्याही पोटात दुखलं, पण खरंखुरं. एका रविवारी मटणाचा तेलकट रस्सा दोन चमचे खाल्ला अन् उजव्या बरगडीखाली असं काही धरलं की मी चुलीपुढेच आडवी झाली. कळ पाठीत गेली, खांद्याच्या फऱ्यात गेली. ओकाऱ्या झाल्या. दोन तासांनी आपोआप थांबलं. आठ दिवसांनी पुन्हा, मग तिसऱ्यांदा.

मोहल्ल्याले विषयच भेटला. "देवानं दिलेलं पोट शिवून आली, आता भोग म्हणा." त्यातल्या एकीले मी दारातूनच म्हटलं, "देवानं दिलेले दात पडले तर तुम्ही कवळी काहून लावली वं?" ती पुन्हा आली नाही.

मी एकटीच जवळच्या दवाखान्यात गेली. डॉक्टरीणबाईनं गोळ्या देऊन फोटो काढला. म्हणाली, "पित्ताच्या पिशवीत खडे झालेत. वजन झरझर उतरलं की होतात असे. तुमचे आतले टाके शाबूत आहेत आणि पाप तुम्ही काही केलेलं नाही. ही पिशवी काढून टाकू. शनिवारी भरती व्हा. पण मध्येच थंडी वाजून ताप आला, डोळे पिवळे झाले, तर शनिवारची वाट पाहू नका, तशाच निघून या. उशीर केला तर जिवावर बेतेल."

मी घरी येऊन सांगितलं. आत्याबाईचा चेहराच उतरला.

"खडे-बिडे काही नाही. देवीचा कोप आहे हा. नवस बोलली अन् फेडला नाही मी. तुला झाल्याबिगर तुझ्या पोटाले सुरी लावू देत नाही. शुक्रवारी तुला, शनिवारी दवाखाना."

ताराचंद म्हणाले, "एक दिवस आधीच तर आहे. मायच्या मनाचं होऊ दे."

मी हो म्हटलं. शनिवारच्या आधी शुक्रवार येतेच, त्यात माझं काय जाते?

शुक्रवारी सकाळी मले हुडहुडी भरली. दोन गोधड्या घेऊनही दात वाजत होते. आरशात पाहिलं तर डोळे हळदीवाणी पिवळे. ताराचंद सकाळच्या पाळीले निघून गेले होते. मी म्हटलं, "आत्याबाई, रिक्षा बोलवा. आताच जायचं."

"जाऊ वं. पहिले देऊळ. दहा मिनिटांचं काम."

देवळासमोर मोहल्ल्यातल्या धोंडबानं आपल्या लाकडाच्या टालावरचा, सरपण तोलायचा मोठा काटा आणून टांगला होता. एका पारड्यात गुळाच्या भेल्या, दुसऱ्यात पाट. पुजाऱ्याचा पत्ता नाही. दहा मिनिटांचा अर्धा तास झाला. बायका जमल्या. एक म्हणे, साठ भरते. दुसरी म्हणे, छ्या, हाड जाड आहे तिचं, सत्तर धर. मले उभं राहवत नव्हतं अन् ह्या माझा भाव करून राहिल्या होत्या.

पुजारी आला. आत्याबाई म्हणाली, "बस वं पाटावर."

माझं डोकंच सरकलं. "नाही बसत."

मी पारडं बाजूले ढकललं.

"जाडी होती तेव्हा तोललं, बारीक झाली तरी तोलून राहिले. पुरे झालं. नवस तुम्ही बोलल्या, तुम्हीच बसा पाटावर, धोंडबाजी तोलून देतात. डॉक्टरीणबाईनं सांगितलं होतं, डोळे पिवळे झाले तर थांबू नका. हे पाहा डोळे! मी दवाखान्यात चालली. आधी खडे, मग गूळ."

"मरशील वं पोरी!" आत्याबाई किंचाळली. "मले भेव वाटते. मी लालच केली. दर महिन्याले गूळ वाचवला, म्हणून देवी तुले नेऊन राहिली. माझ्यापायी!" अन् बाई चारचौघांत ढसाढसा रडली.

एवढ्या वर्षांत तिले रडताना मी पहिल्यांदाच पाहिलं. कीवही आली अन् रागही आला. मी म्हटलं, "देवी गुळापायी माणूस मारत असन, तर तिच्याशी मी भांडतो. पण बरी झाल्यावर. आज मले ताप आहे."

रस्त्यावर येऊन रिक्षा थांबवली. चढायले लागली, तर मागून कोणी तरी काखेत हात घातला. आत्याबाई होती. अनवाणीच. एकीकडे देवीची माफी मागून राहिली होती अन् एकीकडे रिक्षावाल्याले म्हणत होती, "चाल गा, जोरानं मार पायडल!"

डॉक्टरीणबाईनं माझी पापणी खाली ओढून पाहिली. पोटाले हात लावताच मी ओरडली. "खडा नळीत अडकला आहे. आत्ताच ऑपरेशनला घ्यावं लागेल," ती म्हणाली अन् तयारीले आत गेली. संमतीच्या कागदावर मी माझी सही केली. नर्सबाई म्हणाली, "घरच्या माणसाची पण पाहिजे. नवरा कुठं आहे?"

नवरा खापरखेड्याले, पाळी सुटून यायले चार वाजणार. नर्सबाईनं घड्याळाकडे पाहिलं.

आत्याबाई भिंतीशी उभी होती. मले वाटलं, आता ही म्हणन, थांबा, पोराले येऊ द्या, तुला होऊ द्या. तिच्या मनात तर पक्कं होतं, नवस फेडल्याबिगर सुरी लागली की सून गेली. तरी ती पुढे आली.

"मले सही येत नाही बाई. आंगठा चालते का?"

"चालतो. पण आजी, ऑपरेशनमध्ये जिवाला धोका असतो, असं लिहिलं आहे यावर. कळलं ना?"

"कळलं."

तिनं आंगठा शाईत बुडवला. दुसऱ्या हातानं मनगट गच्च धरलं अन् आंगठा कागदावर दाबला. मग नर्सबाईवरच खेकसली, "पाहून काय राहिली? ने तिले आत. देवीनं विचारलं तर सांग, आंगठा तुळसाबाईचा आहे."