लाडवांच्या डब्यातून आलेली

सामंतांच्या घरात एक नियम आहे. मोठ्यांनी बॅगेत ठेवायला दिलेलं पार्सल ठेवायचं. आत काय आहे ते विचारायचं नाही, आणि उघडून बघायचं तर मुळीच नाही. गल्फला निघालेल्या माणसाची बॅग ही त्याची एकट्याची नसते, असं ही माणसं मानतात. कुणाचं लोणचं, कुणाच्या गोळ्या, कुणाचा दुरुस्त झालेला चष्मा. तिथे नाही म्हणायची पद्धतच नाही.

मी एक ई-सिगारेट बोलतेय. याच नियमाच्या जोरावर मी दुबईत आले.

माझा जन्म चीनमधल्या एका कारखान्यातला. काळी, बॉलपेनापेक्षा जराशी जाड. पोटात बॅटरी, डोक्यावर द्रव भरायची छोटी पारदर्शक टाकी, मधे एक बटण. बटण दाबलं की आतली तार तापते, द्रवाची वाफ होते आणि माणूस ती ओढतो. माझ्यावर आकडे नाहीत, कमी-जास्त करायची सोय नाही. मुंबईच्या बाजारात मोबाइलची कव्हरं आणि टॉर्च यांच्या मधोमध काचेखाली मी पडले होते. तिथून मला अरुणकाकांनी उचललं.

अरुणकाका म्हणजे विजयकुमार सामंतांचे थोरले भाऊ. मुलुंडला राहतात, बँकेतून निवृत्त झालेत आणि हौस म्हणून होमिओपॅथीची औषधं देतात. ज्यांना काही झालेलं नाही त्यांनाही देतात. त्यांनी मला स्वतःसाठी घेतलं नव्हतं. दुबईतल्या धाकट्या भावासाठी घेतलं होतं.

विजयकुमारांची आधीची गोष्ट मी त्यांच्या शर्टाच्या खिशात बसून तुकड्यातुकड्यानं ऐकली. ते प्लॅनिंग इंजिनिअर. इमारत कधी सुरू होईल आणि कधी संपेल, हे ठरवणं त्यांचं काम. दुबईत अल बर्शा भागात मोठा फ्लॅट, मुलगी ईश्वरी तिथल्याच शाळेत. मग मंदी आली. आधी ऑफिसातलं कॉफीचं मशीन गेलं, मग कॉफी पिणारे गेले. समोरच्या इमारतीवरची क्रेन ज्या दिशेला तोंड करून थांबली, त्याच दिशेला वर्षभर उभी राहिली. बायको विभावरी आणि ईश्वरी पुण्याला परतल्या. विजयकुमार करामा भागातल्या एका खोलीत चार बॅचलरांबरोबर राहायला गेले. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या माणसालाही इथे बॅचलर म्हणतात. बायको जवळ नसली की झालं.

त्या खोलीत त्यांची अल्बर्टशी दोस्ती झाली. अल्बर्ट वसईचे, हॉटेलात बँक्वेट मॅनेजर. हॉटेलातल्या पार्ट्या बंद पडलेल्या, त्यामुळे त्यांच्याकडे वेळच वेळ. दोघं खाली उतरून सिगारेट ओढायचे. विजयकुमारांनी ती लग्नाआधीच सोडली होती. दुबईत नोकरी गेली आणि सिगारेट परत आली.

पुढे त्यांना जुमेरा लेक टॉवर्समधल्या एका लहान कंपनीत काम मिळालं. करामातच त्यांनी स्वतंत्र फ्लॅट घेतला आणि विभावरींना बोलावलं. ईश्वरीचं कॉलेज पुण्यात सुरू झालेलं, ती तिथेच हॉस्टेलवर राहिली. विभावरी फोनवर एवढंच म्हणाल्या, "घरात सिगारेटचा वास आला तर मी पुढच्या विमानानं परत."

भावाभावांचं बोलणं झालं आणि अरुणकाकांनी मला शोधून काढलं. इथे दुबईत मला विकायला परवानगी नव्हती, देशात आणायलाही नव्हती. काकांना ते ठाऊक होतं. निघायच्या दिवशी त्यांनी मला वर्तमानपत्रात गुंडाळून विभावरींच्या हातात दिलं.

"विभा, विजूच्या ऑफिसची केबल आहे. एवढी ठेव."

विभावरींनी विचारलं नाही. डिंकाच्या लाडवांच्या डब्यात एका बाजूला जागा केली, मला आडवं ठेवलं आणि झाकण लावलं. सिगारेट घरात येऊ नये म्हणून अट घालणारी बाई मला स्वतःच्या हातानं घेऊन आली.

पहिल्याच आठवड्यात बिंग फुटलं.

"अहो, बाथरूममध्ये पुदिन्याची चटणी वाटताय का?" विभावरींनी दाराबाहेरून विचारलं.

दार उघडलं. विजयकुमारांनी मला पुढे केलं. विभावरींनी मला उलटसुलट करून पाहिलं, माझ्या अंगाला चिकटलेला लाडवाचा कण नखानं काढला.

"हीच ती केबल?"

"सिगारेट नाही ही, विभा. वाफ आहे नुसती. सहा महिने, मग खलास. ही पण सोडतो."

विभावरींनी मला परत दिलं. काकांना फोन करून जाब विचारला नाही. मोठ्या दिरांना काय विचारायचं? त्याऐवजी त्यांनी मला ठेवायला बाथरूमच्या कपाटात, कंगव्यांच्या मागे जागा करून दिली. पाहुणे आले की तिथे. ईश्वरी सुट्टीला आली की तिथे. मी घरात आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझं नाव कुणी घेत नसे.

सहा महिने झाले. एक वर्ष झालं. विजयकुमार मला गाडीत ओढत, गच्चीत ओढत, ऑफिसच्या टॉवरमागच्या पार्किंगमध्ये ओढत. माझ्यामुळे ते सिगारेटपासून लांब राहिले, हे खरं आहे. ते माझ्यापासून लांब जायला तयार नव्हते, हेही खरं आहे. मला दोन्हीचं काही वाटत नाही. बटण दाबलं की तापायचं, सोडलं की थांबायचं, एवढंच मला येतं.

प्रश्न माझ्या खाण्याचा होता. माझा द्रव इथे उघडपणे मिळत नव्हता. अरुणकाकांनी त्यावरही इलाज काढला. मुंबईच्या बाजारातून घेतलेला द्रव ते होमिओपॅथीच्या बाटल्यांमध्ये ओतायचे, वर चिठ्ठी चिकटवायचे: 'विजय – अ‍ॅसिडिटी.' आणि मुलुंडहून जो कोणी दुबईला निघेल त्याच्या बॅगेत घालायचे. सगळ्यात जास्त वेळा ती बॅग ईश्वरीची असे. पुण्याहून येताना ती विमानाआधी काकांकडे थांबायची, आणि निघताना काका म्हणायचे, "बाबांचं औषध आहे गं. सांभाळून ने."

काकांच्या पेशंटांत एक जण दिवसरात्र खोकणारा, दुसरा काही न झालेला, आणि दोघांना एकसारख्या बाटल्या देणारे काका. त्यात भावाला अ‍ॅसिडिटी असणं कुणालाच विचित्र वाटलं नाही.

गेल्या दिवाळीला ईश्वरी आली, तेव्हा ती घरी उशिरा पोचली. मी विजयकुमारांच्या खिशात होते. तिनं चपला काढायच्या आधीच बोलायला सुरुवात केली.

"बाबा, तुम्हाला अ‍ॅसिडिटी आहे का?"

"का गं?"

"कस्टम्सच्या ऑफिसरनं बॅग उघडली. हे काय, म्हणाला. मी म्हटलं, मेडिसिन, माय फादर्स. त्यानं बूच काढून वास घेतला. मग बाटली माझ्या नाकाखाली धरली. स्ट्रॉबेरी! मला म्हणाला, सिस्टर, हे कुठल्या आजाराचं औषध आहे? मी काय सांगणार होते, बाबा? मला खरंच माहीत नव्हतं!"

"मग?" विभावरींनी विचारलं.

"मग बसवून ठेवलं. सगळी माणसं बाहेर गेली, माझी एकटीची बॅग टेबलावर उघडी. शेवटी बाटल्या काढून घेतल्या आणि म्हणाला, या वेळी जा. पुढच्या वेळी असं सोडणार नाही."

विजयकुमार खिशावर हात ठेवून उभे राहिले. म्हणजे माझ्यावर.

विभावरी म्हणाल्या, "म्हणून तर विचारायचं नाही असं सांगतो आम्ही. माहीत नसलं की खोटं बोलावं लागत नाही."

"खोटं बोलले ना मी, आई! तुम्ही बोललात, फक्त माझ्या तोंडून."

"बरं, झालं ते झालं. हातपाय धू. चकल्या काढलेल्या आहेत."

मोठी माणसं विषय कसा संपवतात, हे मी खिशातून पुष्कळदा ऐकलं आहे. समोर खायला ठेवतात.

त्यानंतर माझं वय जाणवायला लागलं. सकाळी भरलेली बॅटरी दुपारीच संपायची, बटण आत अडकून बसायचं, टाकी झिरपायची. विजयकुमारांच्या खिशावर एक तेलकट डाग कायमचा पडला.

मग एकदा पार्किंगमध्ये भेटायला आलेल्या अल्बर्टनी आपली नवी वस्तू काढली. पत्त्यांच्या जोडाएवढा डबा. त्यावर चमकणारे आकडे, कमी-जास्त करायची बटणं, वर अंगठ्याएवढी टाकी. त्यांनी झुरका घेतला आणि शेजारची गाडी दिसेनाशी झाली.

"फेक रे ती तुझी पेन्सिल, विजय. अपग्रेड कर. यल्ला, चल, ओढून बघ."

विजयकुमारांनी ओढलं आणि खोकत गाडीला टेकले.

"कसं वाटलं?"

"घसा जळला रे."

"सेटिंग कमी करायचं असतं, हबीबी! तुझ्या तिच्यात सेटिंगच नाही."

त्यानंतर बरेच दिवस विजयकुमार मला तळहातावर घेऊन बसत. विकायला काढलेल्या स्कूटरकडे माणूस बघतो तसं बघत. ही अजून चालते, असं म्हणायचे. मग, चालते पण कटकट आहे. मग, नवीन घेतली तर एकदम निवांत, पाच वर्षं बघायला नको. हे शेवटचं वाक्य तोंडून गेलं की ते मला परत खिशात घालायचे. सहा महिन्यांसाठी आणलेली वस्तू पाच वर्षांसाठी कुणी बदलत नाही, हे त्यांना कळत होतं. बायकोला दिलेला शब्द अजून मोडलेला नव्हता, नुसता लांबला होता. नवा डबा आला की तो मोडणार होता.

तरी त्यांनी ठरवलं. डबा मुंबईत मिळत होता. अरुणकाका घेणार होते. राहिलं आणायचं. फोनवरचं हे बोलणं घरी आलेल्या ईश्वरीच्या कानांवर गेलं होतं.

आज शुक्रवार, सुट्टीचा दिवस. दुपारच्या जेवणाला अल्बर्ट आलेत. तळलेली सुरमई, भात, सोलकढी. ईश्वरी समोर बसली आहे. तिची परीक्षा संपली, निकाल लागला, आणि जुमेरा लेक टॉवर्समधल्याच एका कंपनीनं तिला नोकरी देऊ केली आहे. त्यासाठी डिग्री अटेस्ट करून आणायला ती उद्या पुण्याला चालली आहे. कागद घेऊन ती वेळेत परत आली तर नोकरी तिची. फोन स्पीकरवर आहे आणि त्यातून अरुणकाका बोलत आहेत. मी टेबलाखाली, विजयकुमारांच्या मुठीत.

"ईश्वरी, येताना आमच्याकडून एक छोटं पार्सल ने हं," काका म्हणाले. "बॅग रिकामीच असेल तुझी."

"काय आहे, काका?"

फोनमध्ये जरा खरखर झाली. "अगं, बाबांच्या ऑफिसची केबल आहे."

विभावरींचा घास हातात थांबला. मला तो वर्तमानपत्राचा कागद आठवला, लाडवांचा वास आठवला. बहुधा त्यांनाही आठवला असेल.

"केबलला पण स्ट्रॉबेरीचा वास येतो का?" ईश्वरीनं विचारलं.

अल्बर्ट हसले. "एक छोटासा डबा आहे गं. तुला कोण अडवणार? स्टुडंट आहेस, स्माइल कर आणि निघून ये. इन्शाल्ला काही होत नाही."

"मागच्या वेळी झालं, अंकल. स्माइल पण केलं होतं."

"ईश्वरी," विजयकुमार म्हणाले, "मोठ्यांशी वाद नको. काका प्रेमानं देतायत. आपल्या घरात पार्सलला कुणी नाही म्हटलेलं नाही."

ती उठली. टेबलाला वळसा घालून वडिलांजवळ आली आणि हात पुढे केला. का कोण जाणे, विजयकुमारांची मूठ सैल झाली. तिनं मला घेतलं आणि सगळ्यांच्या मधोमध, सुरमईच्या ताटाशेजारी ठेवलं. तीन वर्षं मी या घरात आहे, पण या टेबलावर मला कुणी ठेवलं नव्हतं. इथून पंखा दिसतो. चौघांचे चेहरेही एकदम दिसतात.

माझं आता फार राहिलेलं नाही. मला बदला, टाकून द्या किंवा एकदाची सोडा, मला त्यातलं काहीही चालेल. मागायचंच झालं तर एवढंच मागेन, की जे काही ठरवाल ते मला असंच समोर ठेवून ठरवा. आणि माझ्या जागी जी कोणी येईल तिला केबल म्हणू नका.

"ही अजून चालते ना, बाबा?" ईश्वरीचा आवाज चढला होता. "मग हिच्याकडे बघून सांगा, तुम्हाला सोडायचंय की मोठी घ्यायचीय. आईला सांगा, मला नको. आणि मोठीच घ्यायची असेल तर स्वतः मुंबईला जा, स्वतःच्या बॅगेत घाला आणि त्या ऑफिसरला स्वतः सांगा ही काय आहे ते. माझ्या बॅगेत माझी डिग्री येणार आहे. मी आणणार नाही. ही नाही, बाटल्या नाहीत, केबल नाही. आणि यापुढे कुणाचंही पार्सल मी उघडून बघितल्याशिवाय घेणार नाही."

अल्बर्टनी सोलकढीची वाटी उचलली आणि न पिताच खाली ठेवली. विजयकुमार माझ्याकडे बघत होते. विभावरी विजयकुमारांकडे बघत होत्या.

"हॅलो?" फोनमधून अरुणकाका म्हणाले. "विजू? लाइन गेली का रे?"

लाइन गेली नव्हती. ईश्वरीनं फोन उचलून जवळ धरला.

"नाही काका. सगळे इथेच आहेत. तुम्ही ऐकलंत ना मी काय म्हटलं ते?"

पलीकडे मुलुंडचा पंखा फिरत असलेला ऐकू येत होता.