आवाज माझाच होता

मंगळवारी चर्चच्या हॉलमध्ये आमचा मोबाइलचा वर्ग भरायचा. फुकट होता, म्हणून पहिल्या दिवशी चाळीस जण आले. चहाबरोबर खायला काही नाही हे कळल्यावर अकरा उरले. मी त्या अकरांतला.

शिकवायला लुसेआने यायची, राजधानीतून बसने. माझ्या नातीच्या वयाची पोर, पण आमच्याकडे मान म्हणून कमरेला गुंडाळतात ती चटई नीट बांधून यायची, आधी प्रार्थना म्हणायची आणि मगच फळ्याकडे वळायची. त्यामुळे म्हातारे तिचं ऐकून घेत. फळ्यावर ती दर वेळी तेच तीन प्रश्न लिही. हे पहिल्यांदा कोणी सांगितलं? त्याला कसं ठाऊक? आपण खरं मानलं तर फायदा कोणाचा?

"अगं, पण पाद्रीबाबांनी काही पाठवलं तर मी त्यांना काय विचारू? तुम्हाला कोणी सांगितलं म्हणून?" फिलिमोने म्हणाला. तो माझा शेजारी, बोलल्याशिवाय त्याला राहवत नाही.

"विचारा की, आजोबा. फक्त आधी खाली बसा, मग विचारा."

सगळे हसले. मी हसलो नाही. त्या दिवशी माझं लक्ष थाऱ्यावर नव्हतं. सकाळीच माझी भाची वीका कुंपणाशी येऊन सांगून गेली होती, "मामा, आईच्या पायाची जखम भरत नाहीये. साखरेच्या आजाराच्या गोळ्या तिने तीन आठवड्यांपासून सोडल्यात. का म्हणून विचारलं तर भिंतीकडे तोंड करते."

वीकाची आई हुलिता माझी थोरली बहीण. आमच्या टोंगात बहिणीचा मान भावापेक्षा वरचा. मोठं झाल्यावर भाऊ तिच्या घरात शिरत नाही, तिच्यासमोर थट्टा करत नाही, तिच्या तोंडाकडे बघत नाही. काय सांगायचं ते मध्ये कोणाला तरी घालून. साठ वर्षं आमच्यामध्ये कोणी ना कोणी उभं आहे. आता वीका उभी असते. मग तुम्ही गोळ्या का सोडल्यात, हे मी अक्काला कसं विचारणार?

लुसेआने म्हणाली, "आज एक खरीखुरी वस्तू आणली आहे. गेले काही दिवस ही सगळ्या बेटांवर फिरतेय. ऑकलंडहून आली, 'टोंगाच्या मोठ्या डॉक्टरांचा सल्ला' असं वर लिहिलंय. ऐका आणि तीन प्रश्न विचारा."

तिने मोबाइल माइकजवळ धरला. एक म्हातारा आवाज सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा वाचत होता. साखरेच्या गोळ्या मूत्रपिंड कुजवतात. गोळ्या बंद करा. नोनूच्या फळांचा रस सात दिवस घ्या, साखर मुळापासून जाते. मध्येच खोकला. मागे कोंबडा आरवला, एकदा, आणि अर्धवटच.

फिलिमोने मांडीवर थाप मारून ओरडला, "अरे मानासे, हा डॉक्टर तर तुझ्यासारखाच खोकतो! आणि कोंबडा बघ, तुझाच तो, घसा बसलेला!"

हॉल हसून लोटपोट झाला. लुसेआने हसत माझ्याकडे वळली आणि माझं तोंड बघून थांबली.

आवाज माझाच होता.

मी अक्षरं शिकलो ती एकोणसाठाव्या वर्षी, पाद्रीबाबांच्या बायकोकडून. त्याआधीचं सगळं आयुष्य होडीत गेलं. वाचता येऊ लागल्यावर गावातल्या अधू डोळ्यांच्या लोकांनी मला धरलं, मानासे, हे वाचून दाखव. मग वीकाने आवाज भरून गावच्या ग्रुपवर टाकायला शिकवलं. कोण वारलं, जहाज कधी सुटणार, वादळ कुठवर आलं, सगळं मी वाचून टाकू लागलो. लोक चर्चच्या दारात हात धरून म्हणत, तुझ्यामुळे कळतं बाबा. असाच एक मजकूर एका चुलतभावाकडून आला. लांबलचक होता, कठीण शब्दांचा. एकदाही न अडखळता वाचला म्हणून मी खूश झालो होतो. त्याला एक महिना झाला. गावच्या ग्रुपवरून तो ऑकलंडला पोचला असणार आणि डॉक्टरांचं नाव लागून परत आला.

वर्ग संपायची वाट न बघता मी उठलो. अक्काच्या कुंपणाशी वीका केळीची पानं वाळत घालत होती.

"गोळ्या बंद करा, हे अक्काने माझ्या तोंडून ऐकलं का?"

वीकाने पानं खाली ठेवली. "म्हणजे, तो आवाज तुझा? तू ग्रुपवर टाकलंस ते आईने एकटीने ऐकलं असणार. मी तर तेव्हा शेतावर होते. काल ग्रुपवर ऐकलं, पण डॉक्टरांचं नाव होतं वर." तिने कपाळावर हात मारला. भाचीचा हक्क आमच्यात मोठा, मामाला ती काहीही बोलू शकते. "मामा, तुला जिने वाचायला शिकवलं तिला एकदा भेटायला हवं!"

मी तिथेच उभ्या उभ्या नवा आवाज भरला. अक्का, ते खोटं होतं, गोळ्या घ्या. वीका मोबाइल घेऊन आत गेली. बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता.

"यंत्र कोणाचाही आवाज काढतं, हे गेल्या मंगळवारी तुमच्या वर्गात शिकवलं ते मीच आईला सांगितलं होतं. आता ती म्हणते, मग हा दुसरा आवाज खोटा. माझा भाऊ बोललेला शब्द गिळत नाही."

घरी जाऊन मी चटईवर पडलो आणि उठलो. चुलीवरचा सुरण खाली उतरवला, परत ठेवला. कुंपणापर्यंत गेलो, आलो. यंत्राने पाठवलेलं काहीच आता तिच्यापर्यंत पोचणार नव्हतं. तिचा पाय मात्र तिकडे कुजत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी घरातली सगळ्यात जुनी, फाटकी चटई काढून कमरेला गुंडाळली. ओढ्याकाठच्या इफीच्या झाडाची पानं तोडली, माळ करून गळ्यात घातली. मोठ्यांचा मोठा अपराध झाला की माफी मागायला आमच्यात असंच जायचं.

फिलिमोने रस्त्यात भेटला. फाटकी चटई आमच्यात मयतालाही बांधतात, ती पाहून त्याने टोपी काढली. "कोण गेलं रे?"

"अजून कोणी नाही."

अक्काच्या अंगणात मी मातीवर मांडी घालून बसलो, मान खाली. ऊन चढलं. डुक्कर येऊन गळ्यातली पानं हुंगून गेलं. वीका दाराशी आली, मला पाहून दारातच बसली. आत खाट करकरली.

"वीका," मी मोठ्याने म्हणालो, "तुझ्या आईला सांग, मी खोटं वाचलं."

आतून पुटपुट झाली. वीका म्हणाली, "आई विचारते, मग हे पहिल्यांदा सांगितलं कोणी?"

"मला ठाऊक नाही."

"आई विचारते, ठाऊक नव्हतं तर वाचलंस का?"

घशाशी खोकला आला, तो दाबला.

"मला वाचता येतं, हे सगळ्यांना ऐकू जावं म्हणून."

मग काठीची टकटक झाली. माझी मान खालीच होती, त्यामुळे मला उंबऱ्यावर फक्त दोन पाय दिसले. एक धड. दुसऱ्याला चिंधी बांधलेली, करंगळीकडे काळी पडलेली, माशा बसलेल्या.

"वीका," अक्काचा आवाज आला, माझ्यापासून दोन हातांवर, "त्याच्या गळ्यातली पानं काढ. आणि विचार, काही खाल्लंय का याने."

"खाणं राहू दे," मी वीकाला म्हणालो. "गाडी बोलाव."

पिकअपमध्ये अक्का पुढे बसली. मी मागे, नारळाच्या पोत्यांवर, तिच्याकडे पाठ करून. वाटेत वीकाने काचेवर टकटक करून मला खुणेने सांगितलं, गोळी घेतली.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी चिंधी सोडली आणि वीकाला म्हणाल्या, "दोन बोटं काढावी लागतील. पाय वाचेल असं वाटतंय. गोळ्या कोणी बंद करायला सांगितल्या?"

वीकाने दाराकडे पाहिलं. मी व्हरांड्यात होतो, दाराशी, पण ऐकू आलं.

व्हरांड्यातल्या बाकावर जागा नव्हती. मी उभा होतो. मला बसवतही नव्हतं. टोकाला एक परका म्हातारा बसला होता, बाजूच्या बेटावरचा असावा, पायाला तशीच चिंधी. मांडीवर गोळ्यांचं पाकीट होतं, सील न फोडलेलं. त्याने मोबाइल कानाशी धरला होता. आवाज बारीक होता, तरी मला कळला. आधी खोकला, मग अर्धवट आरवणारा कोंबडा.

मी त्याच्यासमोर जाऊन जमिनीवर बसलो. अंगावर फाटकी चटई होतीच.

"दादा, ते ऐकू नका. तो आवाज माझा आहे. मी डॉक्टर नाही."

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आणि हे खरं कशावरून?"

चांगला प्रश्न होता. मी म्हणालो, "मोबाइल थांबवा. पुढचं वाक्य मी म्हणतो, मग ताडून बघा."

त्याने थांबवला. मी ते वाक्य म्हटलं, तसंच सावकाश, एकेक शब्द उचलून ठेवत. त्याने परत लावलं, डोळे मिटून ऐकलं. मग मोबाइल बंद करून मांडीवर पालथा ठेवला.

"खोकून दाखव," तो म्हणाला.