डालग्याखालची तुरेवाली

आमच्या बीबी गावात कोंबड्या मरू लागल्या तवा मले पह्यला संशय शेजारच्या गौसियावर आला. माह्या कोंबड्या तिच्या सांभाराच्या, कोथिंबिरीच्या वाफ्यात घुसत, म्हून तिनंच दाण्यात काही टाकलं असंल. मंग तिच्याबी मेल्या.

सरकारी पथक आलं. उरल्यासुरल्या साऱ्या मारून पुरणार म्हणे. मले त्यायचाबी भरवसा नव्हता. पुरतेत का खातेत, कोणं पाह्यलं? माही तुरेवाली अंड्यावर बसली होती. खुडूक कोंबडीले उठवू नाही, हे सासूनं शिकवलेलं. तिले बांबूच्या डालग्यासकट सुनेच्या खाटेखाली लपवलं. सुवर्णाले सांगतलं, दाणापाणी तू पाह्य, अन् माह्या पोराले सांगशील तर याद राख.

तीन दिवसांनी तुरेवालीची मान वाकडी झाली. गरगर फिरे, भिंतीले धडके. मेली. सुवर्णानं उचलून परसात पुरली.

आठवड्यात सुवर्णाले ताप आला, अन् ती मले विचारे, "बाई, तुमी कोणाच्या?" बारा वर्षं एका चुलीवर खाल्लं अन् मी कोणाची! मी समजली, सोंग आहे. जानेफळले तिच्या भावाच्या नव्या घराची वास्तुशांती होती, मी जाऊ दिलं नव्हतं. मी दाराआडून पाहत राह्यली, एकटी असतानी शहाणी होते का म्हून.

दुसऱ्या दिवशी ती उठली, दोन पावलं चालली अन् भिंतीले धडकली. मान एका अंगाले. पुन्हा उठली, पुन्हा तीच भिंत. असं सोंग कोणाले येत नाही. असं मी एकदाच पाह्यलं होतं.

दवाखान्यात डॉक्टरीणबाई म्हणे, मेंदूले सूज आहे, कशानं ते कळलं तर औषधाले दिशा भेटंल. घरात आजारी कोंबडी होती का?

"नाही," प्रसेनजित म्हणे, "पथकानं साऱ्या नेल्या." पोराचा माह्यावर भरवसा. बाई तसंच लिहू लागली.

"होती," मी म्हणली. "मीच लपवली. सुनेच्या खाटेखाली."

बाईनं लिहिलेलं खोडलं. कोंबडीचा हा ताप माणसाले लागला तर कधीकधी मेंदूतबी जातो म्हणे. लगेच नाकातलं तपासाले घेतलं, औषध बदललं, सुवर्णाले वेगळ्या खोलीत नेलं.

प्रसेनजित माह्याशी बोलत नाही. मी काचेबाहेर बसून राह्यते. परवा सुवर्णानं डोळे उघडले. नर्सनं माह्याकडं बोट दाखवून विचारलं, ह्या कोण?

लय वेळ पाह्यलं तिनं.

"कोंबडीवाली," म्हणे.

मले राग नाही आला. वळखलं तर खरं.