बोडीटोल्याचा दारफळा

मी एक जुना सागवानी फळा आहे, मित्रांनो. तुमच्या शाळेच्या मागच्या पडवीत, फुटक्या माठाशेजारी जो भिंतीला टेकून उभा आहे, तोच मी. माझ्या उजव्या कडेला तीन ठिकाणी स्क्रूंची भोके आहेत. परवा दोन मुले त्यांत काडी घालून म्हणत होती, याला वाळवी लागली. वाळवी माझ्या वाटेला कधी गेली नाही. ती भोके बिजागऱ्यांची आहेत. फळ्याला बिजागऱ्या कशाला, हे तुम्हांपैकी कोणी विचारले नाही, म्हणून मीच सांगायला बसलो.

माझा जन्म १९५३च्या दिवाळीनंतरचा. तेव्हा आपला सगळा मुलूख मध्य प्रदेशातल्या चांदा, म्हणजे आजच्या चंद्रपूर, जिल्ह्यात होता आणि राजधानी नागपूरला होती. बोडीटोल्यात शाळा नव्हती. वरून दोन अटींवर मास्तर मिळाले. फाल्गुनात शाळाखात्याचे डिप्टी साहेब तपासणीला येतील, त्या दिवशी शाळेत फळा हवा आणि हजेरीत वीस मुले हवीत. दोहोंतले एक कमी पडले तर मास्तर दुसऱ्या गावी जाणार. गावातल्या लच्छूने आपला रिकामा गुरांचा कोठा दिला. भिंती बांबूच्या तट्ट्यांच्या, पण शेणाने छान सारवलेल्या. राहिला फळा.

आपल्याकडे चहूबाजूंनी साग असला तरी तो सरकारचा. गावकऱ्याला निस्ताराच्या हक्काने घरापुरते लाकूड मिळे, त्यासाठी पास काढावा लागे. पासाच्या यादीत नांगर होता, बंडी म्हणजे बैलगाडी होती, घराचे मयाल म्हणजे तुळई, चौकट, दार, सगळे होते. फळा नव्हता. यादी करणाऱ्याला शाळा आठवली नसावी. मग गावातल्या नानाजींनी आपल्या नावाने एका दाराचा पास काढला आणि सोमाजी सुताराने त्या लाकडाचा मला केला. सोमाजीचा रंधा असा फिरला की माझ्या अंगावर हात फिरवताना कुसळ लागत नसे. कोळशाची पूड आणि पाल्याचा रस लावून मला काळे केले. मास्तरांनी पहिल्याच दिवशी माझ्यावर 'अ' काढला. मी फार मिरवलो, हे कबूल करतो.

मिरवणे आठ दिवस टिकले. जंगलाचा नाकेदार पास तपासायला आला. नानाजींच्या घरी त्याला नवे दार दिसेना. शोधत शोधत तो कोठ्यात आला आणि मला पाहून म्हणाला, "पास दाराचा, माल फळ्याचा. हे चालत नाही." तो वाईट माणूस नव्हता. त्याने माझ्यावरचे गणित मुलांना उतरवून घेऊ दिले, मग मला बंडीत घातले. रेंज ऑफिसच्या आवारात चोरीच्या ओंडक्यांसोबत मी पडलो. अंगावर कोंबड्या बसत. कोणी मला चोर म्हणाले नाही, पण जागा चोरांचीच होती, आणि ते मला लागले.

पुढचे मी सोमाजीच्या तोंडून ऐकले. गावाने केवळरामभाऊंना गाठले. केवळरामभाऊ म्हणजे आपले मेंबर. पहिल्या निवडणुकीत निवडून आलेले, धानाचे शेतकरी, शिक्षण चौथी. सायकलने ब्रह्मपुरीला जायचे आणि तिथून छोट्या रुळांच्या आगगाडीने नागभीडवरून नागपूरला, विधानसभेत. वैनगंगेवरची नाव, गावतलावाची फुटलेली पाळ, हिवतापाच्या गोळ्या, असे प्रश्न ते तिथे मांडत. त्यांचा एक रिवाज होता. अधिवेशन संपले की आपण काय विचारले आणि सरकारने काय जबाब दिला, हे ते ज्या गावचा प्रश्न त्या गावात येऊन वाचून दाखवत. जबाब नकाराचा असला तरी वाचत.

नानाजी त्यांना म्हणाले, "मेंबर हाव ना तुमी? रेंजरले एक शब्द बोला. फळा उद्या घरी येते."

"शब्द टाकला तं तुमचा एक फळा सुटन," केवळरामभाऊ म्हणाले. "बाकीच्या गावाईनं काय करावं? मी सभेत इचारतो."

"सभेचा जबाब येवपर्यंत मास्तर जाईन."

केवळरामभाऊंनी सायकल काढली. ते नागपूरला गेले आणि त्यांनी विचारले, की निस्ताराच्या यादीत नांगर आहे आणि फळा नाही, हे खरे आहे काय? जबाब आला, खरे आहे, विचार चालू आहे. ते परत आले आणि कोठ्यात उभे राहून त्यांनी तो कागद गावाला वाचून दाखवला. मास्तर जमिनीवर राख पसरून अक्षरे काढत होते. फाल्गुनाला जेमतेम दोन महिने उरले होते. गाव मेंबरावर रुसले होते आणि खरे सांगायचे तर हे ऐकून मीही रुसलो होतो. एका शब्दाने सुटणारा मी, आणि हा गृहस्थ कायदा धरून बसलेला.

सुगंधाबाई त्या दिवशी मागे उभी होती. तलावात जाळे टाकून पोट भरणारी बाई, डोक्यावर मासोळ्यांची टोपली तशीच. ती म्हणाली, "भाऊ, पासावर दार लिवलं हाय ना? मंग त्याले दारच करा. पोरं दाराकडं पाहून शिकतीन."

केवळरामभाऊंनी पास पुन्हा वाचला आणि कपाळाला हात लावला. "मी नागपुरात कायदा धुंडून राह्यलो, आन् वाट पासातच होती," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ते आणि नानाजी पास घेऊन रेंज ऑफिसात आले. मेंबर म्हणून नव्हे, पासवाल्यासोबतचा माणूस म्हणून बाकावर दोन तास बसले. रेंजर म्हणाला, "पासात दार आहे. चौकटीत दार दिसलं, तर माझी केस नाही. मी येऊन पाहीन." सोमाजीने मला तीन बिजागऱ्या बसवल्या आणि लच्छूच्या कोठ्याला लावले. रेंजर आला, त्याने मला दोनदा उघडले, दोनदा लावले, आणि हसू दाबत निघून गेला.

आता माझे हाल ऐका. मी लागलेला असलो तरच आतल्या मुलांना फळा दिसे. उशिरा आलेल्या कोणी मला ढकलले, की मी आत उघडे आणि माझ्यावरचे गणित भिंतीकडे तोंड करी. मग सगळा वर्ग ओरडे आणि त्या मुलाला मास्तरांची बोलणी बसत.

सुगंधाबाईची मुलगी कुंता रोज उशिरा येई. सकाळी आईबरोबर जाळे ओढायचे, मासोळी निवडायची, मग शाळा. ती मला ढकलत नसे. बाहेर उंबऱ्याशी बसे आणि तट्ट्यांतून येणारे शब्द ऐके. चार दिवसांनी मास्तरांच्या लक्षात आले. त्यांनी माझी बाहेरची बाजूही काळी केली आणि रोज शाळेआधी तिच्यासाठी तोच धडा बाहेर लिहू लागले. पण हजेरीत तिचे नाव घालायला ते भीत होते. प्रार्थनेला नसलेले मूल गैरहजर धरायचे, असा नियम होता, आणि रोज गैरहजर असलेले नाव तपासणीत खोटे ठरले असते. हजेरीत नावे होती एकोणीस. विसाव्या मुलासाठी मास्तर घरोघर फिरून दमले.

कुंताने कोणाला काही विचारले नाही. पहिल्या दिवसापासून, आत नावे पुकारून झाली की ती तलावातली शिंपली घेऊन माझ्या खालच्या कोपऱ्यात एक बारीक रेघ ओढी. दुखत असे थोडे. पण मी कुरकुरलो नाही.

फाल्गुनात डिप्टी साहेब आले ते नेमके शाळा भरलेली असताना. केवळरामभाऊही गावात होते, ते मागून आले. दार बंद, आणि दाराबाहेर एक मुलगी मोठ्याने धडा वाचते आहे.

"तू बाहेर का बसलीस?" साहेबांनी विचारले.

"दार ढकललं तं सगळ्याईचं गणित जाते. म्हणून इथीच बसते."

"आणि या रेघा कशाच्या?"

"माही हजेरी."

साहेब खाली बसले. बोट ठेवून त्यांनी रेघा मोजल्या. सत्तेचाळीस. मग आत जाऊन त्यांनी मास्तरांचे हजेरीबुक पाहिले. कोठ्याला दार बसवल्यापासून शाळेचे दिवसही सत्तेचाळीसच होते. आतल्या एकोणीस जणांत एकाचीही इतकी भरलेली हजेरी नव्हती. साहेबांनी स्वतःच्या हाताने विसावे नाव लिहिले आणि शेऱ्यात टाकले, 'या शाळेत फळा आहे किंवा दार आहे. दोन्ही एका वेळी नाहीत.' मास्तर राहिले. मी फळा आहे म्हणून, मित्रांनो, रडलो नाही.

केवळरामभाऊंनी तो शेरा उतरवून घेतला आणि पुढच्या अधिवेशनात सभेत वाचला. आधी हशा झाला म्हणे. हशा संपेपर्यंत ते उभे राहिले आणि मग त्यांनी शिंपलीच्या सत्तेचाळीस रेघा सांगितल्या. तेव्हा कोणी हसले नाही. पंचावन्न साली हुकूम निघाला, की शाळेचा फळा, बाक आणि दार यांना निस्तारातून लाकूड मिळेल. तो जबाब वाचायला ते आले, तेव्हा सोमाजीने त्यांच्या हातात पाना-पेचकस दिला आणि त्यांनीच माझ्या बिजागऱ्या काढल्या. कोठ्याला दुसरे दार लागले. मी आतल्या भिंतीवर गेलो.

पुढे राजधानी मुंबईला गेली. सत्तावनच्या निवडणुकीत केवळरामभाऊ पडले. ज्यांच्यासाठी त्यांनी एक-एक शब्द टाकायला नकार दिला होता, त्यांनी तो लक्षात ठेवला होता. निकालानंतर ते एकदा शाळेत आले, मागे मुलांत बसले आणि चौथीत गेलेल्या कुंताचे वाचन ऐकून उठून गेले. ते दुःखी होते की नाही, हे मला कळले नाही. मी मात्र होतो. एके काळी त्यांच्यावर रुसलो होतो, ते त्यांना सांगायचे राहून गेले.

आता शाळा पक्की झाली आणि मला पडवी मिळाली. म्हातारपणी तक्रार नाही. उद्या रंग द्यायला माणूस येणार आहे, असे ऐकले. त्याला माझी पुढची बाजू खुशाल खरवडू द्या. मागची नको. मला जरा फिरवा आणि खालच्या कोपऱ्यात बोट ठेवा. जिचे नाव हजेरीत नव्हते, तिच्या हजेरीवर तुमची शाळा उभी आहे.

आणि कोणी उशिरा आले, तर त्याला बाहेर ठेवू नका. आता दारात मी नाही.